देव्हाऱ्यातले गार दिवे

"गार! गार पडलाय दिवा!... युए, अगं युए, विझलाय दिवा!"

आबांचा तो आवाज ऐकून युएश्या स्वयंपाकघरातून धावत सुटली, तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठाने माखलेले होते. चांद्र वर्षाचा शेवटचा दिवस! मुळ्याच्या वड्या अजून वाफवायच्या होत्या, मासा साफ करायचा होता, रात्रीच्या एकत्र जेवणासाठी कोंबडी सकाळपासून चुलीवर उकळत होती... आणि इकडे देव्हाऱ्यापुढे ऐंशी वर्षांचे आबा, उजवा पंजा हवेत तसाच धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर अशी भीती तिने फक्त एकदाच पाहिली होती, आईचा श्वास थांबला त्या पहाटे.

तिने दिव्यांकडे पाहिलं. पूर्वजांची नावं असलेल्या लाकडी पाटीच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या कमळाच्या पाकळ्यांत बसवलेले दोन्ही लाल दिवे लख्ख जळत होते. नेहमीपेक्षाही लख्ख! इतके लाल की डोळ्यांत खुपावेत. मग तिच्या लक्षात आलं, मेणबत्तीच्या आकाराचे ते जुने बल्ब, ज्यांच्या आत तार तापून लालसर व्हायची, ते नव्हतेच तिथे. त्यांच्या जागी तशाच आकाराचे नवेकोरे एलईडी बसलेले होते.

दाराशी तिचा धाकटा भाऊ योंगछांग उभा होता. त्याच्या मागे त्याची बायको हुईरू. दोघेही काल संध्याकाळी तायपेईहून आले होते आणि युएश्या बाजारात कोंबडी आणायला गेली असताना घरात हे दोघे आणि आबा, एवढेच होते. आबांना तर दिसत नव्हतं.

दिसत नव्हतं! तीच तर सगळी गोष्ट होती. काचबिंदूने डोळे गेले तेव्हा लुकांग गावच्या गल्लीत उभी हयात उदबत्त्या वळण्यात घालवलेला हा माणूस अंथरुणाला खिळल्यासारखा झाला होता. जेवेना, बोलेना. "मला माझ्या बापजाद्यांचा दिवासुद्धा दिसत नाही, मग मी जगून करू काय?" हे एकच पालुपद. तेव्हा एके सकाळी युएश्याने त्यांना हाताला धरून देव्हाऱ्यापुढे आणलं होतं, त्यांचा पंजा उजवीकडच्या बल्बसमोर धरला होता, मग डावीकडच्या. "लागली का ऊब? हा आजोबांच्या बाजूचा. आणि हा आजीच्या. आहेत ना जळत?" आणि आबा लहान मुलासारखे रडले होते. त्या दिवसापासून रोज सकाळी तोंड धुतलं की आधी देव्हारा, आधी तळव्याला ती ऊब, मग चहा. त्या उबेवर म्हातारा जगत होता हो! आणि ही गोष्ट या घरात फक्त दोघांना ठाऊक होती. तिसऱ्याला ठाऊक असायला तिसरा इथे राहायला हवा होता ना!

योंगछांगने बहिणीकडे पाहिलं. त्याच्या नजरेत जी गयावया होती ती तिने त्याच्या लहानपणापासून ओळखली होती. शाळेत भांडण करून आला की तो असाच बघायचा... ताई, सांगू नको ना गं.

आणि सांगायचं तरी कसं? घर बिल्डरला देऊन आबांना तायपेईला न्यायचं, यावरून बापलेकात काही वर्षांपूर्वी असं वाजलं होतं की आबांनी याच देव्हाऱ्यापुढे त्याच्याकडून वदवून घेतलं होतं, न विचारता या घरातल्या एका वस्तूला हात लावीन तर पुन्हा उंबरा चढणार नाही. तो गेला तो गेलाच. त्याला फोन करकरून, आबांपुढे रोज त्याचं नाव काढून, ओरडा खाऊन, यंदा कुठे तिने ही दिलजमाई घडवून आणली होती. काल संध्याकाळी आबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा ती मोरीत जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडली होती, आनंदाने. ते सगळं आता दोन दिव्यांपायी मोडायचं?

"विझला नाही, आबा," ती म्हणाली. "नव्या तऱ्हेचे दिवे आहेत. ते तापत नाहीत. मी... मी बदलले."

"तू?" आबांचा पंजा खाली आला. "कधी?"

"काल."

"वर्षाअखेरीस देव स्वर्गात पोचवले, देव्हारा धुऊन पुसून मिटला, त्यानंतर हात लावलास? कौल लावलास? विचारलंस त्यांना?"

"नाही, आबा."

मग आबा जे बोलले, ते ऐकायला तिची आई जिवंत नव्हती हे एका परीने बरंच झालं.

"बरोबर आहे. तू कशाला विचारशील! ज्या पाटीत तुझं नाव कधी जायचं नाही, त्या पाटीपुढचा दिवा जळला काय न् विझला काय, तुला त्याचं काय? माझा एवढा एक दिवा होता... तोही काढून घेतलास. आज रात्री मला माझ्या पानाशेजारी बसलेली दिसू नकोस."

दिसू नकोस म्हणाले. आंधळ्या माणसाच्या तोंडचा तो शब्द ऐकून हुईरूने नवऱ्याचा हात घट्ट धरला. तो मात्र जमिनीकडे बघत राहिला. एक शब्द नाही! पन्नाशी उलटलेला बाप्या, तायपेईत पाट्या रंगवायचं दुकान चालवणारा, चार माणसांवर हुकूम सोडणारा, आणि एक शब्द नाही!

युएश्या वळली, स्वयंपाकघरात गेली आणि पिठात हात घालून पुन्हा मळू लागली. पीठ आधीच मळून झालं होतं, तरी ती मळतच राहिली.

ज्या पाटीत तुझं नाव जायचं नाही... खोटं काय होतं त्यात? लग्न झालेली मुलगी मेल्यावर सासरच्या पाटीत जाते. मुलगा इथेच राहतो. आणि जिचं लग्न झालं नाही तिला इकडे जागा नाही की तिकडे. आई गेली तेव्हा योंगछांग शाळेत होता, आबांच्या हाताखाली माणूस नव्हता, आणि मासेमारीची जाळी विकणाऱ्या चुआंगांचा मुलगा तिला मागणी घालून बसला होता. "एक वर्ष थांबा," ती म्हणाली होती. मग अजून एक. तो दोन वर्षं थांबला, हे त्याचे उपकारच म्हणायचे. त्याच्या लग्नात तिनेच आहेर नेला होता आणि घरी येऊन योंगछांगचा गणवेश इस्त्री केला होता. तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. न मागता दिलं की लोकांना ते फुकट आलं असं वाटतं, मग घरचे असोत की दारचे!

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी गावभरच्या लेकी माहेरी येतात, हसत, मुलाबाळांना घेऊन, पिशव्या भरभरून. युएश्या कधीच कुठे गेली नव्हती, मग येणार कुठून? ती आलेल्यांसाठी रांधायची.

दुपारी हुईरू भाजी निवडायला आत आली. वाईट बाई नव्हती ती. थोडी शहरी, थोडी घाईची, इतकंच.

"ताई, माझ्यामुळे झालं हो हे," ती हळूच म्हणाली. "त्या कमळाच्या पाकळ्या तुम्ही आतून पाहिल्यात का? पार करपल्यात. आमच्या मागच्या इमारतीत अशाच दिव्याने देव्हारा पेटला, दोन म्हातारी माणसं होती घरात... म्हणून मीच यांच्या मागे लागले. मला काय माहीत, आबांना ती ऊब..."

"जुने बल्ब कुठायत?"

"काल कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली ना, तेव्हाच दिले काचेच्या कचऱ्यात."

म्हणजे तेही गेले! दुकानं सगळी आठवडाभर बंद, आणि तसले बल्ब आता मिळतात कुठे? युएश्याने कोथिंबिरीची जुडी पाण्यात आपटली.

"यांनाच सांगते मी, आबांना खरं सांगा म्हणून," हुईरू म्हणाली.

"नको. वर्षाचा शेवटचा दिवस आहे. बापलेकांना एका ताटावर बसू दे."

हुईरूला वाटलं, काहीतरी गोड सांगावं, म्हणजे मन हलकं होईल, आणि अगदी खऱ्या मायेने ती म्हणाली, "ताई, तुमचीही सोय केलीय हो आम्ही. जेवण झाल्यावर हे सांगणारच होते. डोंगरापलीकडे ते मंदिर आहे ना, लग्न न झालेल्या मुलींच्या पाट्या ठेवतात ते? तिथे तुमच्यासाठी कोनाडा घेऊन ठेवलाय. चांगली जागा आहे, खिडकीशी. रोज तिथल्या बायका उदबत्ती लावतात. पुढची काळजी नको तुम्हाला."

युएश्याच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली.

कोनाडा! जितेपणी या घराच्या चुलीशी, आणि मेल्यावर डोंगरापलीकडे अनोळखी पोरींच्या रांगेत... चांगली जागा, खिडकीशी! आणि हे सगळं प्रेमाने, बरं का! कुणी शिवी दिली असती तर परवडलं असतं, उलट शिवी देता येते. पण प्रेमाने घराबाहेर काढणाऱ्याला माणसाने काय म्हणावं?

"किती विचार करता गं तुम्ही माझा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

संध्याकाळी मधल्या खोलीत एकत्र जेवण झालं. मोहरीची लांब पानं, न कापता शिजवलेली, आयुष्य तसंच लांब व्हावं म्हणून आबांच्या ताटात घातली. अख्खा मासा टेबलाच्या मध्यावर. युएश्याने सगळं आणून ठेवलं आणि आपला वाडगा घेऊन ओट्याशी उभी राहून जेवली. आबांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि त्यांचा हात सवयीने तिकडे जाऊन परत येत होता. योंगछांग मान खाली घालून माशाचे काटे काढत बसला. पाठीमागून पाहणाऱ्या बहिणीच्या मनात आलं, खा बाबा, खा! तुझ्या वाटचं मी गिळलंच आहे.

नव्या वर्षाची पहिली सकाळ उजाडली. या दिवशी घर झाडायचं नाही, रागवायचं नाही, अशुभ बोलायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. युएश्याने पूर्वजांपुढे नैवेद्य मांडला आणि आबांना बोलावायला गेली.

"ज्या देव्हाऱ्यात ऊब नाही तिथे मी उदबत्ती लावायचा नाही," आबा खुर्चीतून म्हणाले. "छांगला सांग. आजपासून त्यानेच लावावी."

घरचा कर्ता पुरुष वर्षाच्या पहिल्या दिवशी पूर्वजांकडे पाठ करून बसला! शेजाऱ्यांना कळतं तर त्यांनी तोंडात बोटं घातली असती. योंगछांगने कपाळावरचा घाम पुसत उदबत्ती लावली, तीन वेळा वाकला, आणि उदबत्ती अर्धी जळाल्यावर कौलाचे ते दोन चंद्रकोरी ठोकळे ओंजळीत घेतले. पूर्वजांचं जेवण झालं का हे विचारल्याशिवाय पानं उचलता येत नाहीत. एक उताणा, सपाट बाजू वर, आणि एक पालथा, फुगीर पाठ वर, असे पडले तर हो. दोन्ही पालथे पडले तर नाही.

ठोकळे फरशीवर खडखडले.

"काय म्हणाले?" आबांनी विचारलं.

"नाही म्हणाले."

थोडं थांबून त्याने पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही पालथे. तिसऱ्यांदा टाकले. तेच!

"जेवत नाहीयेत ते," आबांचा आवाज चिरका झाला. "घरात काहीतरी खोटं शिरलंय. खोट्याच्या घरचं अन्न बापजादे शिवत नाहीत. काय आहे रे? काय आहे ते?"

युएश्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. खोटं कुणाचं आहे हे तिला माहीत होतं. तिचंच होतं ते. पण ती बोलणार नव्हती. काही झालं तरी ती बोलणार नव्हती. तिचा एकेक श्वास भावाच्या पाठीवर आदळत होता... बोल ना रे! एकदा तरी बोल! जन्मभर तुझ्यासाठी मी बोलले, एकदा माझ्यासाठी तू बोल!

"अहो," हुईरू दबक्या आवाजात म्हणाली, "अजून कितीदा टाकणार आहात?"

योंगछांगच्या हातातले ठोकळे गळून पडले. तो तसाच देव्हाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"आबा... दिवे मी बदलले. ताई घरात नव्हती. तिला माहीतसुद्धा नव्हतं. तुम्ही मला पुन्हा घालवून द्याल म्हणून मी गप्प बसलो... आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली. काल ती ओट्याशी उभी राहून जेवली आणि मी... मी मासा खात बसलो, आबा!"

आता वीज कोसळणार, म्हणून युएश्या दोन पावलं पुढे झाली, भाऊ आणि बाप यांच्यामध्ये, नेहमीसारखी. पण आबांनी मुलाला एक अक्षर विचारलं नाही.

"युए," ते म्हणाले, "तू का गं बोललीस खोटं?"

आणि मग मात्र तिचा बांध फुटला. वर्षाचा पहिला दिवस असो की शेवटचा!

"का बोलले? तुमचा मुलगा तुम्हाला मिळावा म्हणून बोलले! सगळं त्यासाठीच केलं आणि कधी काही मागितलं नाही. पण तुम्ही दोघांनी मिळून मला ठेवलंत कुठे, आबा? तुम्ही म्हणता, या पाटीशी तुझा काय संबंध. याने तर डोंगरापलीकडे माझ्यासाठी कोनाडा घेतलाय, खिडकीशी! मी काय या घरात भाड्याने राहत होते? रोज सकाळी पूर्वजांपुढचा चहा मी बदलते, यांच्या पुण्यतिथ्या माझ्या पाठ आहेत, पणजीला गोड चालत नव्हतं हे या घरात माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे का? आणि मेल्यावर मी परक्या पोरींत जाऊन बसू? मला तिथलं कोण ओळखतं, आबा? मला फक्त हीच माणसं माहीत आहेत!"

"कोनाडा?" आबा पुटपुटले. "कसला कोनाडा?"

योंगछांगने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. "चुकलो, ताई... मला वाटलं, चांगलं करतोय. रीत अशीच आहे ना... चुकलो गं!"

आबा उठले. भिंत चाचपत देव्हाऱ्यापर्यंत आले. कुणी हात दिला तो त्यांनी बाजूला सारला. देव्हाऱ्यापुढे उभे राहिले आणि पंजा मात्र त्यांनी वर केला नाही.

"युए, दिवे लागलेत का?"

"लागलेत, आबा." ती हुंदके देत होती. "आणि तेच राहू द्या. जुन्यांनी पाकळ्या करपवल्यात. हुईरूचं बरोबर आहे, घर पेटलं असतं."

"लागलेत म्हणतेस ना? मग लागलेत. चूक माझी. मी दिव्याला हात लावून बघत बसलो, आणि तो लावणारीला..." त्यांनी देव्हाऱ्याकडून तोंड तिच्या आवाजाकडे वळवलं. "काल मी जे बोललो ते कुत्र्यालाही कुणी बोलू नये, पोरी."

मग त्यांनी हात पुढे केला. "छांग, ठोकळे दे."

त्यांनी ठोकळे कपाळाला लावले आणि मोठ्याने, बाजारात घासाघीस करावी तशा आवाजात विचारलं, "को घराण्याच्या वडीलधाऱ्यांनो, माझ्या या लेकीला तुमच्या पाटीत घ्याल का?"

ठोकळे पडले.

"काय म्हणाले?"

दोन्ही पालथे पडले होते. योंगछांगने घसा साफ केला. "हो म्हणा—" तो सुरू झाला, आणि युएश्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"नाही म्हणाले, आबा. आता या घरात माझ्या नावाने खोटं नको."

आबांचा चेहरा लाल झाला. आणि साऱ्या हयातीत ज्या माणसाने या देव्हाऱ्यापुढे कधी मान वर केली नव्हती, तो फरशीवर चाचपून ठोकळे पुन्हा हातात घेत ताठ उभा राहिला.

"नाही? नाही म्हणता? चहा हिच्या हातचा पिता, नैवेद्य हिच्या हातचा खाता, आणि बसायला जागा नाही? रीत? मला रीत शिकवता? ऐका मग! आता मी विचारत नाही, सांगतोय. हिला घेत नसाल तर मी मेल्यावर माझंही नाव त्या पाटीत घालायचं नाही. छांग, ऐकतोयस ना? हिला जिथे ठेवशील तिथे मला ठेव. डोंगरापलीकडे तर डोंगरापलीकडे! मग बसा इथे दिवे बघत, मधल्या पिढीवाचून!"

"आबा!" युएश्या किंचाळली. "असलं बोलू नका! आज असलं—"

पण ठोकळे सुटले होते. एक फरशीवर पडून जागीच थांबला. दुसरा गिरक्या घेत टेबलाच्या पायापर्यंत गेला, तिथे आपटला, थोडा डुलला, आणि स्थिरावला. योंगछांग हातांवर रांगत पुढे गेला, वाकून पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आबा! आबा, ते..."

"तू नाही," आबा म्हणाले. "मला तुझ्याकडून नकोय. युए, तू सांग. काय म्हणाले?"

युएश्याने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून येत होते आणि तिला धड दिसेना. ती फरशीवर बसली. टेबलाखाली हात घालून तिने तो ठोकळा बोटांनी चाचपला, सपाट बाजू वर होती. मग दुसरा चाचपला, त्याची फुगीर पाठ वर होती. तिने दोन्ही पुन्हा एकदा चाचपले.

"हो म्हणाले, आबा," ती म्हणाली.

आबांनी पुन्हा विचारलं नाही.